हरणं तोंड लावत नाहीत अशी झाडं

१

गिरणीचा सकाळचा भोंगा वाजला की अनसूया मागचं दार उघडायची, आडाचं पाणी ओढायची आणि चुलीवर आधण ठेवण्याआधी बागेला घालायची. हा नेम तिचा तिनं घेतलेला नव्हता, नवऱ्यानं लावून दिलेला होता. गंगाधरपंत सोलापुरातल्या एका हायस्कुलात सृष्टिशास्त्र शिकवत. अंथरूण धरलेल्या बायकोला वैद्याच्या काढ्यांनी गुण येईना, डॉक्टरच्या बाटल्यांनीही येईना, तेव्हा त्यांनी पुण्याहून गुलाबाची कलमं मागवली, मोगरा आणला, जास्वंद आणली आणि शाळेतून आल्यावर धोतर खोचून स्वतः वाफे केले. बाग फुलली की बायको हसेल, इतका सरळ विचार. माणूस साधा होता. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसं दुःखही तपासून खाली सही करता येईल, असं त्यांना वाटायचं.

आता त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. अनसूया अंथरुणातून उठायला लागली होती. दोन घास जास्त खात होती. मोगऱ्याला पहिली कळी धरली त्या दिवशी तिनं आपणहून वेणी घातली, आणि ते पाहून पंत पुढच्या ओसरीवर जाऊन एकटेच रडले.

घर गावाबाहेर, होटगीच्या वाटेला. तीस सालच्या मार्शल लॉच्या धामधुमीत गावातली जागा सोडून त्यांनी हे कौलारू घर धरलं होतं, ते मग सोडवलं नाही. परसात बाग, बागेला काट्यांचं कुंपण, कुंपणापलीकडे नुसता माळ. माळावर एक ओढा आणि ओढ्याच्या पल्याड चारदोन बाभळी. पाणी घालताना अनसूया नेहमी त्या बाभळींकडे पाठ करून उभी राहायची. तिथं यशी होती.

२

पाळण्यातलं नाव यशोदा, पण हाक मारायची यशी. सव्वा वर्षाची झाली तरी पोरगी चालायचं नाव घेत नव्हती. रांगण्यात मात्र पटाईत. ढोपरं टेकवायची नाही, तळहात आणि पावलं टेकून, ढुंगण वर करून घरभर धावायची. दातही उशिरा आले. खाली दोन, वर दोन, आणि वरच्या दोहोंत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट. अंगावर पिताना चावायची. अनसूया ओरडली की हसायची, आणि ती फट दिसायची.

गेल्या आषाढात अनसूयेला हिवतापानं गाठलं. बार्शीहून सासूबाई आल्या, सुनेचं पार चिपाड झालेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरीला आता वरचं खाऊ दे. अंगावरचं तोड बाई, नाहीतर दोघी जाल." त्यांच्या पोटात माया होती, वाईट काही नव्हतं. अंगावरचं दूध तोडायची रीत घरोघरी एकच. काळा बोळ उगाळायचा आणि छातीला लावायचा. तो असतो कोरफडीचा वाळवलेला रस, कडूजहर. लेकरू येतं, तोंड लावतं, कडू लागलं की रडतं, आणि चारदोन दिवसांत विसरून जातं. अनसूयेच्या आईनं अनसूयेला असंच सोडवलं होतं.

यशी रडली नाही. ती आली, तिनं तोंड लावलं, नाक मुरडलं आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. रागानं नव्हे. ही कोण बाई, असं पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि नाकातून बारीकसं "हूं" केलं. नको असलं की ती तसं करायची.

श्रावण लागला आणि यशीला ताप भरला. तापात पोर छातीशी लोळायची, शोधायची. अनसूयेनं शिकेकाई लावली, राख लावली, डाळीचं पीठ चोळलं, कातडी सोलेपर्यंत धुतलं. "धुते गं यशे, आत्ता धुते," म्हणत परत परत जवळ घेतलं. यशी वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. शेवटपर्यंत तिनं तोंड लावलं नाही.

डॉक्टर म्हणाले, विषमज्वर होता, दुधाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. पंतांनी हे तिला शंभरदा समजावून सांगितलं. तिला ते पटत होतं. पटून करायचं काय, एवढंच तिला कळत नव्हतं.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बाया तिथं जात नाहीत. पंत आणि दोघं शेजारी जाऊन आले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, काटे टाकले. ओढ्याच्या पल्याड बाभळींखाली, एवढंच अनसूयेला ठाऊक होतं. ती उंबऱ्यात बसून राहिली होती आणि तिच्या पोलक्याचा पुढा दुधानं भिजत होता.

३

फाल्गुनात माळ वाळून पिवळा पडला, ओढा आटला आणि हरणं आली. काळविटांचा कळप होता. उन्हाळ्याच्या तोंडाला ती गावाकडे सरकतात, यात नवल नाही. एका सकाळी अनसूयेनं दार उघडलं तर मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. गुलाबाचे शेंडे गेले होते. जास्वंद निम्मी ओरबाडली होती.

पंत वाफ्याशी उकिडवे बसले. वाईट वाटलं तरी शिकवायची खोड जाते थोडीच! "हरणंच," ते म्हणाले. "हे बघ, हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. गाईसारखंच. त्यामुळे पान कापलं जात नाही, धरून ओढलं जातं. कड कशी फाटलीय बघ."

तिनं पाहिलं. प्रत्येक पानाची कड चिंधीसारखी फाटलेली होती.

पंत शाळेत गेल्यावर ती पडलेला पाला गोळा करायला लागली. जास्वंदीची एक फांदी अगदी खाली, जमिनीलगत होती. तिच्यावरचं एकच पान खाल्लेलं होतं, आणि ते फाटलं नव्हतं. अर्धचंद्रासारखा नीट चावा घेतलेला होता. चाव्याच्या कडेला, पानाच्या वरच्या बाजूनं, दोन दातांचे ठसे होते. दोन ठशांच्या मध्ये हिरवी फट राहिली होती.

घूस असेल, ती स्वतःला म्हणाली. खार असेल. खारीला वर दात असतात, पंतांना विचारलं तर तेही हेच म्हणतील. तिनं तांदळाचा एक दाणा आणला आणि त्या फटीवर ठेवून पाहिला. मग बराच वेळ ती तिथंच बसून होती. चूल विझून गेली.

ते पान तिनं तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवलं. पंतांना दाखवलं नाही. त्यानंतर रोज सकाळी त्याच उंचीवर जास्वंदीचं एखादं पान तसं चावलेलं असायचं, आणि ती पंत उठायच्या आत ते खुडून घ्यायची.

४

मेंढरं राखणारी केराबाई दुपारची आडावर पाण्याला यायची. जाडजूड, बडबडी, कपाळावर आडवी चिरी. अनसूयेला बोलायला तेवढीच सोबत. केराबाई दिवसभर माळावर असायची, तेव्हा माळावरचं काय ते तिला माहीत.

"केराबाई," अनसूयेनं पाणी शेंदता शेंदता सहज विचारल्यासारखं केलं, "त्या हरणांत पाडस आहे ना एक? छोटंसं?"

"पाडस? न्हाय वो वैनी." केराबाईनं घागर कमरेला लावली. "दिवाळीच्या टायमाला एक झालं व्हतं, त्ये लांडग्यानं नेलं. औंदा अजून एक बी न्हाय."

"मग सगळ्यांच्या मागून येतं ते?"

"कवा?"

"संध्याकाळी. मी चुलीपाशी असते ना, खिडकीतून दिसतं. मोठी हरणं पुढे येतात आणि ते मागं राहतं. त्याला नीट चालता येत नाही बहुतेक. मागचा भाग वर असतो त्याचा."

केराबाईनं घागर परत खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाली, "येक सांगू का वैनी? माजी कुत्री हरणं दिसली की भुंकून आभाळ डोक्यावर घेत्यात. पर सांजचं त्यो कळप तुमच्या कुंपनाला आला की गप पडून ऱ्हात्यात. नाकं मातीत खुपसून. का त्ये मला ठावं न्हाय. मी बघायला जात बी न्हाय." आणि मग जरा मोठ्यानं, "तुमी सांजचं खिडकी लावून घेत जावा की."

अनसूयेनं खिडकी लावली नाही. उलट त्या दिवसापासून ती स्वयंपाक लवकर उरकायला लागली. मनातल्या मनात तिनं किती वेळा स्वतःला दटावलं असेल. बाई, तुझं डोकं ठिकाणावर नाही, घरात दुसरं कोणी नाही म्हणून हे चाललंय. सगळं कळत होतं. पण दिवस मावळायला आला की तिला भूक लागायची, आणि छातीत कळ यायची. सात-आठ महिन्यांपूर्वी आटलेलं दूध उतरावं तशी.

५

पंतांनी हार मानली नाही. काटे वाढवून पाहिले, बुजगावणं करून पाहिलं, हरणांनी त्याचं धोतर चघळलं. शेवटी एक दिवस ते केराबाईशी बोलून उड्या मारतच आत आले.

"अगं, किती साधी गोष्ट! हरणांना अडवायचंच कशाला? त्यांना नको असलेलीच झाडं लावायची. शेरडं तोंड लावत नाहीत त्याला हरणंही लावणार नाहीत. आणि दिसायला एकाहून एक देखणी! कुंपणाला तांबडी आणि पांढरी कण्हेर. कोपऱ्यांना बिट्टी, तिची पिवळी फुलं काय सुंदर दिसतात. मधे घाणेरी, एका गुच्छात तीन रंग. वाफ्यांच्या कडेला सदाफुली आणि झेंडू. बारा महिने फुलं, आणि एका पानाला धक्का लागायचा नाही."

"नको," अनसूया म्हणाली.

"का?"

"कडू आहे ते सगळं."

"म्हणून तर—" पंत बोलता बोलता थांबले. त्यांना कळलं. काळा बोळ सहाणेवर उगाळला जात होता तेव्हा तेही घरातच होते. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"अनसूये, ही बाग गेली तर तू परत अंथरूण धरशील. मला भीती वाटते गं. यशीला मी या हातांनी ठेवून आलो. परत तिकडे जायचं माझ्यात बळ नाही. तू तरी राहा."

इतकं उघड ते कधी बोलत नसत. अनसूयेला त्यांची दया आली, आणि त्या दयेनं तिचा घात केला. तांदळाचा डबा हाताच्या अंतरावर होता. पानं दाखवली असती तर ते काय म्हणाले असते? खार म्हणाले असते तर तिला ते सहन झालं नसतं. आणि ते ठसे ओळखून त्यांचा चेहरा पांढरा पडला असता, तर तेही तिला नको होतं. शहाण्या बायका काय करतात? नवऱ्याचं ऐकतात, खातात, पितात, बऱ्या होतात. तिनं शहाणं व्हायचं ठरवलं. पण पुरतं नाही झाली.

"जास्वंद राहू द्या," ती म्हणाली. "आणि तिच्यासमोर कुंपणात थोडी वाट ठेवा."

"वाट कशाला?"

"पाण्याला जायला-यायला बरी."

आड तर दुसऱ्या अंगाला होता. पण पंत इतके खूश झाले होते की त्यांनी ते लक्षातच घेतलं नाही.

६

रविवारी केराबाईनं कण्हेरीच्या आणि बिट्टीच्या फांद्यांचा भारा आणून टाकला. पंत खड्डे करत होते आणि अनसूया फांद्या मोडून लावत होती. पंतांनी म्हटलं होतं, आपल्या हातानं लाव, जीव लागेल. कितीतरी दिवसांनी दोघं मिळून काही काम करत होते. पंत मधेच तिला चिडवत होते, वर्गातल्या मुलांच्या नकला करून दाखवत होते. एकदा ती हसलीसुद्धा.

बिट्टीची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. थेंब थेंब येतो, दाट, थेट दुधासारखा. दुपारपर्यंत तो तिच्या कोपरांपर्यंत ओघळून वाळला होता. पदराला लागला होता, पोलक्याच्या पुढ्याला लागला होता. तिनं मनगटानं ओठाचा घाम पुसला आणि जीभ आखडली. काळ्या बोळासारखीच कडू चव होती ती, पण पंत समोर होते, म्हणून तिनं पुढची फांदी उचलली.

काम संपल्यावर तिनं हात धुतले. शिकेकाई, मग राख, मग चिंच. वास जाईना.

७

दिवेलागणीची वेळ झाली. पंत आत कंदिलाची काच पुसत होते. फडक्याचा कुचकुच आवाज येत होता. अनसूया जास्वंदीशी जाऊन बसली. तिनं जास्वंदीची चार कोवळी पानं खुडून तळहातावर घेतली. आज हातानं भरवायचं, असं तिनं ठरवलं होतं. बाकी सगळं कडू झालं तरी आईच्या हातावर गोड काहीतरी आहे, एवढं पोरीला कळू दे.

कळप आला. काळवीट पुढे झालं, कण्हेरीला नाक लावलं, फुरफुरलं. एकेक करून सगळ्यांनी वास घेतला. मग सगळी वळली आणि माळावर पांगली. पंतांचं शास्त्र खरं ठरलं होतं. लांब केराबाईच्या मेंढवाड्यावरची कुत्री गप होती. आतला कुचकुच आवाजही थांबला होता.

कुंपणातल्या वाटेच्या तोंडाशी काहीतरी उरलं होतं.

अनसूयेनं मान वर केली नाही. आपण पाहिलं तर ते राहणार नाही, हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं तेवढंच. ते आत आलं. सुक्या पाल्यावर त्याचा आवाज येत होता, पण खुरांसारखा टकटक नव्हता. मऊ होता. चार पायांनी येत होतं ते, मागचा भाग वर करून, मधेच थांबत, परत धावत. जवळ आल्यावर त्याचं अंग मातीच्या रंगाचं दिसलं. कशावर तरी काटा अडकला होता, केसांत की लोकरीत, कोण जाणे.

श्वास लागला तळहाताला. ऊन होता, तापातल्या लेकराचा असतो तसा.

"ये," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "खा गं बाई."

नाकाचा ओला शेंडा तिच्या बोटांना लागला. पानांवरून मनगटाकडे गेला, तिथून पोलक्याच्या पुढ्याकडे आला. ते शोधत होतं. अनसूयेनं श्वास धरला. तिच्या सगळ्या अंगातून कळ निघाली आणि छाती ओली झाली. इतके महिने आटलेलं दूध खरोखरच उतरलं होतं, आणि वाळलेल्या चिकावरून ओघळत होतं.

ते थबकलं. वास घेतला. परत एकदा घेतला, अगदी बारकाईनं.

मग नाकातून आवाज आला.

"हूं."

आणि ते वळलं.

"नाही, नाही, यशे, थांब. धुते गं, आत्ता धुते," अनसूया म्हणाली. आता तिनं मान वर केली. कण्हेरीच्या काड्यांमधून काहीतरी लहानसं माळाकडे जात होतं. वाटेत ते एकदा थांबलं आणि त्यानं मागं वळून पाहिलं. अंधारात त्याचं तोंड काही दिसलं नाही. पण ती नजर तिला ओळखू आली. रागाची नव्हती. ही कोण बाई, एवढंच त्या नजरेत होतं.

पंत कंदील घेऊन आले तेव्हा ती आडाच्या दगडावर हात घासत होती. दगड लाल झाला होता. त्यांनी तिला ओढून जवळ घेतलं, तिचे हात आपल्या धोतरात गुंडाळले, आणि कंदील बागेकडे धरला.

"बघ," ते म्हणाले, "एक पानसुद्धा गेलं नाही."

८

दुसऱ्या दिवशी पंत शाळेत गेल्यावर तिनं सगळं उपटायला घेतलं. पण बिट्टी उपटायची तर तिला धरावं लागतं, आणि धरली की चीक येतो. कोपऱ्यातली एक फांदी निघेस्तोवर तिचे हात पुन्हा पांढरे झाले. ती तशीच त्या हातांकडे पाहत बसली. मग तिनं ती फांदी परत होती तिथं खोचली आणि तिला पाणी घातलं.

बाग लागली. अशी लागली की होटगीच्या वाटेनं जाणारे टांगे थांबायला लागले. तांबडी-पांढरी कण्हेर भिंतीएवढी झाली, बिट्टीच्या पिवळ्या फुलांचा खाली सडा पडायचा. शाळेतली मास्तरमंडळी बायकामुलांना घेऊन बघायला यायची. केराबाई पाण्याला यायची, पण आता मान खाली घालून घागर भरायची आणि जायची. कुत्री संध्याकाळची भुंकायची, इतर कुठल्याही माळावरची भुंकतात तशी.

पंत पाहुण्यांना एकेक झाड दाखवत. त्यांच्या दृष्टीनं बायको बरी झाली होती. जेवत होती, वेणी घालत होती, विचारलं तेवढं बोलत होती. फक्त तांदळाच्या डब्याला ती कोणाला हात लावू देत नसे, आणि दिवसातून किती वेळा हात धूत असे त्याला सुमार नव्हता. संध्याकाळी कुंपणातल्या वाटेपाशी ती बसायची. मांडीवर तळहात उताणा, त्यावर जास्वंदीची कोवळी पानं. अंधार पडला की ती पानं सुकून गेलेली असायची. ती उठायची, आत जाण्याआधी आपल्याच तळहाताला जीभ लावून बघायची, आणि आडाकडे वळायची.

"वहिनी, कमाल आहे हो," एकदा एका मास्तरांची बायको म्हणाली. तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं, आणि ते अनसूयेला पाहून आईच्या खांद्यात तोंड लपवत होतं. "आमच्याकडे हरणांनी काही म्हणता काही ठेवलं नाही. तुमच्या बागेला कोणी तोंडच कसं लावत नाही?"

अनसूयेनं आपले हात पदराखाली घेतले.

"नाही लावत," ती म्हणाली. "आता कोणीच नाही लावत."